पाठ टेकायच्या आत

मार्च लागला की माझं डोकं फिरतं. उन्हानं फिरतं म्हणावं, तर कलबुर्गीत ऊन फेब्रुवारीतच येऊन बसलेलं असतं. फिरतं ते परीक्षेनं. पीयूसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचे, पेपर सुरू झाले की फाटकाबाहेर आई-बाप ओला टॉवेल डोक्यावर घेऊन उभे राहतात, सेंटरजवळची झेरॉक्सची दुकानं तेवढ्या वेळापुरती बंद करायला लावतात, आणि कडुनिंबाचा बारीक मोहोर स्कूटरच्या तापलेल्या सीटवर पडून चिकटतो. मी गणिताचा लेक्चरर आहे. तेरा वर्षं हाच मोहोर झटकून सुपरव्हिजनला जातो. लोकांना वाटतं, मास्तरला परीक्षेची सवय झाली असेल. मला नाही झाली.

त्यात यंदा परीक्षा घरातच आली आहे. अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, भालकीला दिलेली. तिची मुलगी प्रणाली दोन वर्षं माझ्याकडे राहून पीयूसी करते आहे. पेपर देऊन आली की चप्पल एका दिशेला, बॅग दुसऱ्या, आणि बाईसाहेब लॅपटॉपवर मारामारीचा गेम लावून बसतात. दोन माणसं समोरासमोर, वर दोघांच्या दोन पट्ट्या. फटका बसला की पट्टी कमी होते, पट्टी संपली की माणूस आडवा. अर्धा तास खेळू द्या, असं माझ्या बायकोचं म्हणणं. मी कुठं अडवलंय? मी फक्त मागं उभा राहून चडफडतो.

खेळावर माझा राग नाही. राग आहे तो शेवटच्या फटक्यावर. सगळ्या लढतीत पापणी लवायच्या आत चार ठोसे बसलेले असतात, काही कळत नाही. पण पट्टी संपवणारा फटका बसला की सगळं एकदम हळू होतं. आवाज खोल जातो. चित्र मार खाणाऱ्याच्या तोंडापाशी जातं, घामाचे थेंब मोजता येतील असे उडतात, पाय सुटतात, माणूस हवेत आडवा होतो आणि अगदी सावकाश खाली येतो. मग भलीमोठी अक्षरं. एवढा वेळ बटणं मेलेली असतात. दाबा कितीही. जोवर काही करता येत होतं तोवर वेळ नव्हता, आणि आता हातात काही नाही तर वेळच वेळ. हे ज्यानं कुणी पहिल्यांदा बनवलं त्याला एकदा समोर बसवून विचारावं, बाबा रे, तुला यातून काय मिळालं?

मागच्या आठवड्यात असंच झालं. केमिस्ट्रीचा पेपर देऊन आलेली प्रणाली हरली. तिची निळ्या वेणीची बाई हवेत उलटी झाली आणि ते संथ पडणं सुरू झालं. हल्लीच्या गेमात एक बटण दाबून ते वगळता येतं. ती दाबेना. मी हात पुढं करून दाबलं.

"मामा," ती म्हणाली, "मला बघायचं होतं ते."

"हरलीस ते बघायचं होतं?"

"व्हय. कुठं चुकलं ते तवाच दिसतंय. मी लाथ मारायलेव आणि तो मधीच हाणला, का मी अडवायचं इसरले, ते एरवी कळत न्हाई. तितं कळतंय."

मग तिनं मला धडाच दिला. मी लेक्चरर, मला शिकवायची हौस तिला फार. खालच्या बाजूला दुसरी एक छोटी पट्टी असते, ती साठवलेल्या ताकदीची. माणूस पडला, राउंड गेला, तरी ही पट्टी पुढच्या राउंडला तशीच राहते. म्हणून मार खाताना घाबरून सगळी ताकद उधळायची नसते. जिंकणाऱ्यानं शेवटचा फटका मोठ्या डावानं मारला तर मागचं आभाळ लाल होतं, त्याची बाई वेगळी ऐट करते, पण त्यासाठी त्याची ताकद संपलेली असते. "म्हंजे तो जिंकून पुढल्या राउंडला मोकळाच येतोय," प्रणाली म्हणाली. "मी पडताना त्याची खालची पट्टी बघत असताव. तुम्ही दाबलात आणि ऱ्हायलं."

ऱ्हायलं हा शब्द मला या मोसमात सहन होत नाही. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि खाली झाडाखाली लावलेल्या स्कूटरवर पडणारा मोहोर बघून उगाच चिडलो.

वीस वर्षांपूर्वी याच दिवसांत अक्का सेकंड पीयूसीची परीक्षा देत होती. मी एक वर्ग मागं. माझे पेपर संपले होते, म्हणून अप्पांनी, आमच्या वडिलांनी, मला तिच्यासोबत धाडलं. आमच्या कोहिनूर गावाहून सकाळची बस, हुमनाबादला सेंटर. ती आत पेपर लिहायची आणि मी बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी सावली धरून बसायचो. पेपर साडेबाराला सुटायचा, गावाकडची बस अडीचला. हे मधले दोन तास काढायला हुमनाबादच्या बसस्टँडमागं एक जागा होती. टायरच्या दुकानाला लागून पत्र्याचं शेड, आत व्हिडिओ गेम लावलेले दोन टीव्ही, आणि प्रत्येक टीव्हीसमोर लॉरीतून काढून आणलेली ड्रायव्हरची लांब सीट. रेक्झिन फाटलेलं, उन्हात पत्रा तापला की त्यातून डिझेलचा वास यायचा. मालक चाँदभाई. गिऱ्हाईक म्हणजे हायवेच्या लॉऱ्यांवरचे क्लीनर, गॅरेजमधली पोरं, आणि आमच्यासारखे बस चुकलेले किंवा बसची वाट बघणारे.

दोन पेपर अक्का दाराशी स्टुलावर पुस्तक उघडून बसली. तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटलं, माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सरक." ओढणी डोक्यावर, तोंडावर पेपरला जाताना असायची तीच आठी. सगळ्या शेडातली बटणं थांबली. चाँदभाईनं मान वर करून बघितलं आणि एवढंच म्हणाला, "बेटी को जगा दो." पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

सगळे तरणेबांड पैलवान निवडायचे. अक्कानं एक म्हातारा निवडला. पांढरी दाढी, वाकलेली कंबर, आणि हातातून आगीचा गोळा सोडायचा. गोळा इतका संथ की तो समोरच्यापर्यंत पोचेस्तोवर चहा पिऊन यावं. पोरं हसायची. ती म्हणायची, "जायलाय न्हवं? पोचंल." आणि तो पोचायचा. समोरचा तिच्या म्हाताऱ्याला मारण्यात गुंतला की मागून पोचायचा. मला त्या दोन आठवड्यांतली अक्का अजून दिसते, बटणांचा रिमोट मांडीवर घेऊन ओठ चावत बसलेली. लग्नानंतर तिला तशी बसलेली मी पाहिली नाही.

त्या शेडचा एक कायदा होता. हरला त्यानं उठायचं, हा तर कुठंही असतो. पण चाँदभाईच्या शेडात पडणाऱ्या माणसाची पाठ जमिनीला टेकायच्या आत उठायचं. मागं रांग असायची, आणि ते संथ पडणं तो गेम तीन-तीनदा दाखवायचा. तेवढा वेळ सीट अडवून बसणं म्हणजे चाँदभाईच्या मते शुद्ध उद्धटपणा. "गिरे सो उठो, लोगां खडे हैं पीछे." त्यामुळं तिथल्या पोरांना अशी सवय लागली होती की शेवटचा फटका बसला रे बसला की बुड उचललेलंच. हातातला रिमोट पुढच्याच्या हातात, पुढचा अर्धा बसलेला, आणि टीव्हीवर आपला माणूस अजून हवेतच. आपण कसे पडलो हे त्या शेडात कुणीही पूर्ण पाहिलेलं नव्हतं. आम्हाला त्यात मर्दानगी वाटायची. जो बसून बघत राहील त्याला म्हणायचे, रडायलाय.

गणिताच्या पेपरच्या दिवशी अक्का बाहेर आली ती खुशीत. पेपर कसा गेला, विचारलं, तर "गेला बरा," म्हणाली. अक्काच्या तोंडून बरा म्हणजे फार झालं. शेडात गेलो. समोर एक लांबकेस्या क्लीनर होता, हैदराबादकडची लॉरी ग्रीसिंगला लावून आलेला. तीन राउंडांची लढत, एक त्याचा, एक तिचा. तिसऱ्यात दोघांच्याही पट्ट्या बोटभर उरलेल्या. अक्कानं गोळा सोडला, आणि तेवढ्यात क्लीनरची लाथ म्हाताऱ्याच्या छातीवर बसली. तिची पट्टी संपली. चित्र हळू झालं, म्हातारा हवेत उडाला.

अक्का उठली नाही. टीव्हीकडे बघत राहिली. मागून कुणीतरी खाकरलं. आणि मी, तिचा भाऊ, लाजेनं की मोठेपणानं कोण जाणे, तिच्या खांद्याला हात लावून म्हणालो, "अक्का, ऊठ. लोक थांबलेत."

ती उठली. गॅरेजचा एक पोरगा तिच्या जागी बसला. आणि मग टीव्हीवर तो गोळा, म्हातारा पडायच्या आधीच सुटलेला तो संथ गोळा, क्लीनरच्या पैलवानापर्यंत पोचला. बोटभर पट्टी होती, ती संपली. दोघेही आडवे. पडद्यावर बरोबरीची अक्षरं आली. अशी बरोबरी झाली तर दोघांनीही बसून राहायचं आणि पुन्हा खेळायचं, हाही चाँदभाईचाच कायदा. क्लीनर स्वतः म्हणाला, दोघंबी गेलो की. पण चाँदभाईनं हात हलवला. "उठ गए ना बेटी. उठे सो गया."

अक्कानं ओढणी सारखी केली आणि बसकडे चालू लागली. मी मागून. रस्त्यात मी म्हणालो, जाऊ दे, खेळच तर आहे. किती शहाणा होतो मी सतराव्या वर्षी.

रिझल्ट मे महिन्यात आला. हुमनाबादच्या एका सायबर कॅफेत मीच बघितला. पान उघडायला इतका वेळ लागला की मागं थांबलेल्या दोघांनी बाहेर जाऊन पान खाल्लं. सगळ्या विषयांत पास, गणितात बत्तीस. पस्तीस लागतात. तीन मार्क कमी. मी गावी येऊन सांगितलं तेव्हा अक्का अंगणात गोवऱ्या रचत होती. तिनं हातातली गोवरी नीट जागेवर ठेवली आणि म्हणाली, "बत्तीस? एकदा पेपर बघावं वाटायलंय मला." उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते, हे तिला कॉलेजात कुणीतरी सांगितलं होतं. मुदत थोडी असते. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. ते शाळेत गेलेले नाहीत. कागदाचं काहीही निघालं की घरातल्या धाकट्या मुलाकडे बघायची त्यांची रीत होती, मोठी मुलगी समोर असली तरी. आणि मी म्हणालो, "कशाला मागं बघत बसायलीस. झालं ते झालं. ऊठ, जुलैच्या परीक्षेच्या मागं लाग."

जुलैत तिच्या लग्नाचा मांडव पडला. भालकीचं स्थळ चांगलं होतं, माणसं आजही चांगली आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार माझ्याबद्दल आहे.

कारण पुढं मी गणितच शिकलो, आणि दर एप्रिलला पेपर तपासायला बसू लागलो. पहिल्याच वर्षी एका पोराच्या पेपरात, मीच तपासलेल्या, एक पान उलटायचं राहून गेलं होतं. नंतर फेरतपासणीत माझ्या शेजारच्यानं दाखवलं. चार मार्क वाढले, पोरगा पास झाला. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. तेव्हापासून बत्तीसचा पेपर हातात आला की मी तो तीनदा बघतो. पाठीमागून बघतो, पुरवणीचा दोरा सोडून बघतो. बाकीचे लेक्चरर हसतात, सर तुमचे पेपर कधी संपणार? त्यांना काय सांगू? कुणाच्या तरी पेपरात उलटायचं राहिलेलं एक पान आहे, वीस वर्षांपूर्वीचं, आणि ते बघायचं नाही म्हणून मी सांगितलंय, हे कसं सांगू? दर दिवाळीला अक्का ओवाळायची तेव्हा माझी मान खाली. पोटाशी धरून वाढवलेली मुलगी शिकायला माझ्याकडे ठेवणार का, असं मीच भालकीला जाऊन विचारलं. बायकोला वाटलं, केवढं भावाचं प्रेम. प्रेम असेलही. पण मला ठाऊक होतं ते कशातून आलंय.

केमिस्ट्रीच्या पेपरनंतर चार दिवसांनी प्रणालीचा गणिताचा पेपर. गणिताच्या पेपरला गणिताच्या मास्तरला सुपरव्हिजन नसते, म्हणून मी घरी. अक्का सकाळच्या गाडीनं भालकीहून आली, पोरीला पेपरला जाताना बघायला. येताना कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि अर्धं पोतं चिंचा घेऊन आली. प्रणालीला सोडून मी परत आलो तर ही पुढच्या खोलीत फरशीवर पाय पसरून चिंचा फोडत बसलेली. बायको कामावर गेली होती. घड्याळात सव्वाअकरा. आत पोरगी गणितं सोडवत असणार. मला बसवेना.

"अक्का, एक बोलू का?"

"बोल की. कोण धरलंय तुला?"

"तवा मी तुला पेपरची झेरॉक्स मागवू दिली न्हाई."

"कवा?"

"बत्तीस पडले तवा. मी म्हणलो, मागं कशाला बघायलीस. वीस वर्षं मला वाटायलंय, माझ्यापायी तुझं ऱ्हायलं."

तिनं चिंचोका काढून पातेल्यात टाकला. दुसरी चिंच घेतली, शिरा ओढून काढल्या.

"मी मागवले होते की," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही.

"कॉलेजच्या क्लार्काकडं जाऊन अर्ज भरले. घरी सांगितले, टीसी आणायला जायलेव म्हणून. मांडवाच्या आधी आठ दिवस पोस्टानं आली. ज्वारीच्या कणगीमागं बसून बघितले. एकदा बोटावर बेरीज केले, एकदा कागदावर. बत्तीसच होते रे. कुणाची चूक न्हवती."

"आणि मला कामून सांगितली न्हाईस?"

"तू इचारलास का कवा?"

खरं सांगतो, मला राग आला. हलकं वाटायला हवं होतं. वीस वर्षांचं ओझं उतरलं म्हणून मी हात जोडायला हवे होते. पण मला रागच आला. तिचा, आणि त्याहून माझा. एवढी वर्षं मी स्वतःला कोसत राहिलो आणि त्या कोसण्यात इतका रमलो, की बाई गं, तुझं त्या पेपरात काय झालं होतं, हे एकदा समोर बसून विचारायचं मला सुचलं नाही. ती पोस्टाचं पाकीट घेऊन एकटी कणगीमागं बसली, एकटीनं बेरीज केली, आणि हळद लावून घेतली. मी मात्र दरवर्षी परक्या पोरांच्या पुरवण्यांचे दोरे सोडत बसलो.

"तुझं तोंड बघून मला कळायचं," ती म्हणाली. "दर दिवाळीला. सांगणार होते. मग तू पोरीला शिकवायला नेतो म्हणून आलास. म्हणलं, ऱ्हाऊ दे. हिची पीयूसी होऊ दे आधी." आणि हसली. इतकं लबाड हसू मी तिच्या तोंडावर फार वर्षांनी पाहिलं.

मी मास्तरासारखं विचारलं, "मार्क कुठं गेले होते?"

"इंटिग्रेशनला. पाच मार्कांचं होतं, दोन दिले होते. वरची लिमिट घालून जे आलं त्यातून खालचं वजा करायचं असतंय न्हवं? मी मिळवले."

"तुला गणित आठवतंय?"

तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. चिंचेचे हात पदराला पुसले, टेबलावरची प्रणालीची कच्च्या कामाची वही ओढली आणि लिहू लागली. अक्षर तेच, डावीकडे झुकणारं. मधे एकदा थांबली, ओठ चावला, पुढं गेली. वजाची खूण काढताना पेन जरा जोरात दाबलं. खाली दुहेरी रेघ मारून वही माझ्याकडे सरकवली.

मी ओळ न ओळ तपासली. वरून खाली, मग खालून वर. पेन्सिलच्या टिंबाएवढीही चूक नव्हती.

"किती देतास?" तिनं विचारलं.

"पाच."

"मग पस्तीस झाले," अक्का म्हणाली आणि पुढची चिंच उचलली.